पहिल्या ओंजळीचा हिशोब

नोव्हेंबर कलला की झाडीपट्टीचे रूप पालटते. हलके धान दिवाळीच्या आगेमागे घरात आलेले असते. आता भारी धानाच्या कापणीला जोर चढतो, बांध्यांतले पाणी आटते, धानाचे पुंजणे जागोजाग उभे राहतात आणि मूल-सिंदेवाहीपासून आरमोरी-कुरखेड्यापर्यंतच्या रस्त्यांवर तणसाचा गोडसर वास रेंगाळू लागतो. याच दिवसांत आपल्या उपासनामंदिरांतले वर्षही कूस बदलते. मंडळीचे नवे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उजाडते आणि तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांतच कुठेतरी येतो. २९ नोव्हेंबरची तारीखही त्यातच पडते. १९७० साली या तारखेला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी आपापली कुंपणे काढून टाकली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. शेतकऱ्याची सुगी, मंडळीचे नववर्ष आणि ऐक्याचा वर्धापनदिन एकापाठोपाठ दारी यावेत हा योगायोग असेल. पण वर्षभराचा जमाखर्च मांडायला याहून योग्य मुहूर्त आपल्याला दुसरा कुठला मिळणार?

हंगामाच्या सणाला वेदीपुढची जागा भरून जाते. लोंब्यांच्या जुड्या, नव्या तांदळाच्या पायल्या, भोपळे, वालाच्या शेंगा, परड्यातली वांगी, घरची अंडी, पाय बांधलेला एखादा कोंबडा. बल्लारपूर, घुग्घुस, माजरीसारख्या कोळशाच्या गावांत फारशांना शेत नसते, तिथे पगारातले पाकीट येते. तेलुगू, मल्याळी, हिंदी आणि मराठी बोलणारी माणसे शेजारी शेजारी बसून आपापल्या भाषेत उपकारस्तुती करतात. उपासना आटोपली की अंगणात लिलाव होतो, वीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, हशा पिकतो, पोरे हरखून जातात. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्या रांगेत रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाकडे आपले लक्ष जातेच असे नाही. आणि कधी कधी तो रांगेत नसतोच. सणाच्या दिवशी वेदीपुढे नेण्यासारखे घरात काही नाही म्हणून तो त्या रविवारी उपासनेलाच येत नाही. यंदाच्या सणाला आपण त्याच्याविषयी बोलावे. आणि खरे तर स्वतःविषयीच बोलावे, कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत रिकामा हात कोणाच्या वाट्याला कधी येईल हे सांगता येत नाही.

धान पिकले म्हणजे पैसा आला, असे इथे होत नाही. लोंबीत दाणा भरायच्या वेळी तुडतुडा पडला की हिरवे शेत बघता बघता करपते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्द धरणाचे पाणी वैनगंगेला आले आणि ब्रह्मपुरीपासून खाली गडचिरोली जिल्ह्यापर्यंत काठच्या गावांची रोवणी पाण्याखाली गेली. दोन वर्षांनी, २०२२ च्या जुलैत, सिरोंचाच्या बाजूला गोदावरी-प्राणहितेने तोच अनुभव दिला. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती बांध्यांत उतरू लागले आहेत. यातून पीक वाचले तरी आधारभूत केंद्रावर माप झाल्यानंतर चुकाऱ्याची वाट पाहणे उरतेच, आणि तोवर बचत गटाचा हप्ता थांबत नाही, पोराची फी थांबत नाही, दुकानदाराची उधारी थांबत नाही. जानेवारी लागला की कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत यांतलीच कितीतरी माणसे पोरेबाळे घेऊन पायी परतली. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपान थोडे हात ओले करतात, पण तेही किती, हे पाऊस, वणवा आणि लिलावाचा भाव ठरवतो. खाणीवरच्या कंत्राटी कामगाराला तर पुढच्या महिन्यात हजेरीपटावर आपले नाव असेल की नाही, इथूनच सुरुवात. अशा घरात शनिवारी रात्री उद्याच्या अर्पणाचा विषय निघतो तेव्हा त्या विषयामागे किराणा, औषधे आणि बियाणे असे सगळेच येऊन उभे राहते. द्यावे की राखावे?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे मिळतात. एक अलीकडे मोठमोठ्या सभांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून मोठ्या आवाजात दिले जाते: आधी दे, देव तुला शंभरपट परत करील. दुसरे उत्तर समजूतदारपणाचा सूर लावून येते: तुझे तुलाच पुरत नाही, तू कशाला देतोस, देणारे देतील. पहिल्या उत्तरात देव व्याज देणारा सावकार होतो आणि प्रार्थना ही वसुलीची नोटीस. दुसऱ्या उत्तरात दया आहे, पण त्या दयेने गरिबाचा एक मोठा मान हिरावून घेतला जातो. मंडळीत तो नेहमीसाठी घेणाराच उरतो. अडचणीच्या काळात देवावर भरवसा ठेवून देणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर या दोन्ही उत्तरांना बाजूला सारून थोडे मागे जावे लागेल.

देणे शिकवायला या मातीत कुणा मिशनऱ्याला यावे लागले नाही. खळ्यावर रास पडली की घरी नेण्याआधी गावातल्या लोहार-सुतारांचा, कुंभार-न्हाव्यांचा वाटा काढायचा, ही रीत आपल्या आजापणजांनी पाळलेली. गोंड-माडियांच्या गावात नवे धान आधी देवापुढे जाते, मगच ताटात येते. पलीकडे छत्तीसगडात पौष पौर्णिमेला छेरछेरा मागत पोरे दारोदार फिरतात आणि कुठलेही घर त्यांना ओंजळभर धान घातल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. महाराष्ट्रात किती शाळा, किती वसतिगृहे मूठमूठ धान्याच्या मुष्टिफंडावर उभी राहिली, त्याची गणती नाही. आणि शेतकऱ्याला तर ही गोष्ट अंगभूतच ठाऊक असते: कितीही ओढीचे वर्ष असो, बियाण्याची कणगी तो चुलीला लावत नाही. भुकेच्या दिवसांत दारामागे अन्न असताना त्याला हात न लावणे, हा भरवशाचा केवढा मोठा व्यवहार आहे!

याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाच्या गावी दादाजी खोब्रागडे राहत. १९८३ साली आपल्या तुटपुंज्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, जपल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, आणि त्यातून एचएमटी नावाने देशभर पोचलेले धानाचे वाण जन्माला आले. त्यांनी ते बियाणे शेतकऱ्यांना देऊन टाकले. त्यावर पैसा कमावणारे दुसरेच निघाले; दादाजींचे आयुष्य ओढगस्तीतच गेले आणि २०१८ च्या जूनमध्ये ते वारले. ते आपल्या मंडळीतले नव्हते, पण देण्याविषयी बोलताना त्यांची आठवण टाळता येत नाही. गरीब माणूस किती मोठे दान करू शकतो हे त्यांनी दाखवले, आणि दान घेणारा समाज देणाऱ्याला किती सहज विसरतो हेही त्यांच्याच आयुष्याने दाखवले. ज्या समाजाला देणाऱ्याच्या भाकरीची काळजी नाही, त्याने दानाचा महिमा गाऊ नये.

पवित्र शास्त्र वाचताना आपण पुष्कळदा पहिला अर्धा भाग जपतो आणि दुसरा सोडून देतो. प्रथमफळाची टोपली याजकाकडे न्यायची, हे आपण आवर्जून सांगतो. पण टोपली ठेवल्यावर आपले पूर्वज भटके आणि निराधार होते, याची कबुली देऊन परक्यासह आणि लेव्यासह आनंदाने जेवायचे, हेही त्याच अनुवादाच्या पुस्तकात आहे. दशांशाविषयी आपण प्रवचने ऐकतो. पण दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवून अनाथ, विधवा आणि उपरे यांच्या पोटासाठी ठेवायचा, हे फारसे ऐकू येत नाही. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी सोडावा, अशी आज्ञा आहे. म्हणजे ज्याच्याकडे धान आहे त्याने अर्पण करायचे ते वेदीपाशीच नव्हे, धुऱ्यापाशीसुद्धा. आणि ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी तर नियमशास्त्रच खाली वाकते: कोकरू परवडत नसेल तर दोन पारवे आणावेत, तेही नसतील तर थोडे पीठ. मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात आले ते कोकरू न घेता, दोन पाखरांची सवलत घेऊन. आपण ज्याच्या जन्माची वाट आगमनकाळात पाहतो, त्याच्या घरचे पहिले अर्पणच सवलतीचे होते, ही गोष्ट सणाच्या रांगेतून मागे सरणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगायला हवी.

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट तर आपल्याला तोंडपाठ. श्रीमंतांनी आपल्या भरपुरातले टाकले, तिने आपली सगळी उपजीविकाच टाकली, म्हणून प्रभूने तिचे दान सर्वांत मोठे मानले. पण मार्काच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या अगदी आधीचे बोल काय आहेत? विधवांची घरे गिळणाऱ्या आणि दिखाव्यासाठी लांब प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना प्रभू येशू खडसावतो आहे. आणि लगेच नंतर, त्या भव्य मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, असे तो सांगतो. विधवेची श्रद्धा तेजस्वी आहे, यात शंका नाही. पण जिथे तिची शेवटची दमडी पडते त्या पेटीचे आणि ती पेटी सांभाळणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्या गोष्टीच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. एलीया सारफथला गेला तेव्हा तिथल्या विधवेच्या मडक्यात मूठभर पीठ होते. त्याने पहिली भाकर मागितली, हे आपण सांगतो. मात्र दुष्काळ संपेपर्यंत ती, तिचा मुलगा आणि तो संदेष्टा एकाच मडक्यातले खात राहिले, हेही तितकेच सांगायला हवे. घेणारा तिच्या चुलीपाशीच राहिला.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न कोणी जगून पाहिला असेल तर पंडिता रमाबाईंनी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि उदार. पुण्याच्या आशेने कुटुंबाने हाती होते ते तीर्थयात्रांत आणि दानधर्मात घातले, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. धर्माच्या नावाने दिलेल्या दानानंतर भूक कशी येते, हे त्यांच्याइतके जवळून पाहणारा क्वचितच. तरीही पुढे ख्रिस्ती झाल्यावर ही बाई देण्यापासून परतली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या; आपला चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथल्या उपाशी, निराधार मुलींना त्यांनी आपल्याबरोबर नेले. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांच्या मदतीची मुदत सरली, आणि तरी आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनचे दार त्यांनी लावून घेतले नाही. प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवणाऱ्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. रोजच्या भाकरीसाठी देवाकडे पाहायचे आणि आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही, हा त्यांचा नेम झाला. मुक्तीची वस्ती पुढे दोन हजारांच्या घरात गेली. पण त्यांच्या भरवशाला हातपायही होते, हे आपण विसरतो. तिथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला, मुलींच्या हाताला काम मिळाले. ज्या दानाने घर उपाशी पडते आणि ज्या दानाने उपाशी घर उभे राहते, त्या दोहोंमधले अंतर रमाबाईंनी आपल्या आयुष्याने मोजले.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ते राजनांदगाव म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडचा शेजार. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून, देवाचा दरबार उभारण्यासाठी ते उघड्या हाताने बाहेर पडले. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, समोर गरजू आला की खिसा रिकामा. पण त्या रिकाम्या खिशानंतर संध्याकाळची चूल कोणी पेटवली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. किती प्रेमाने, किती मिश्कीलपणे आणि किती स्पष्टपणे त्यांनी ते लिहून ठेवले आहे! घरातल्या पुरुषाच्या उदारपणाची किंमत घरातल्या बाईने न विचारता भरायची, ही आपल्याकडची जुनी चाल आहे. अर्पणाचा निर्णय दोघांनी बसून घ्यावा, मुलांच्या दुधाचा आणि म्हातारीच्या गोळ्यांचा हिशोब आधी मांडावा आणि मग उरलेल्या थोड्यातूनही आनंदाने काही काढावे, यात श्रद्धा कमी पडते असे मुळीच नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच तर समजावले: दान मोजायचे ते जवळ जे आहे त्यावरून, जे नाही त्यावरून नव्हे; दुसऱ्याला स्वस्थता मिळावी म्हणून तुमच्यावर ओझे पडावे, असा हेतू नाही, समतोल साधावा असा आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांतली मंडळी तरी कशावर वाढली? चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन आले ते तिकडच्या मंडळ्यांच्या अर्पणावर. सिरोंचाला अमेरिकन मेथडिस्टांचे काम उभे राहिले तेही असेच. पुढे १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झालेले अलेक्झांडर वूड यांनी त्याआधीची कित्येक वर्षे चांद्याच्या मिशनात घालवली होती. मग १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या सीएमआय या धर्मसंघाकडे चांद्याचे नवे धर्मक्षेत्र सोपवण्यात आले, १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ज्यांनी १८३१ मध्ये मान्नानमला इतरांसह त्या संघाचा पाया घातला, ते कुरियाकोस एलियास चावरा. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांना संतपद देण्यात आले आणि ती तारीखही आपल्या सुगीच्या दिवसांतच येते. चावरांनी गरीब मुलांसाठी शाळेत दुपारच्या जेवणाची सोय केली, तिचा आधार होता पिडियारी. घरची बाई भाताला आधण ठेवताना त्या तांदळातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकी. आठवड्याला गोळा होणाऱ्या त्या मुठींवर दुसऱ्यांची मुले जेवत. मिझोरामच्या डोंगरात १९१० पासून मंडळीतल्या बायका हेच करत आल्या आहेत, आणि तिथल्या मंडळीचा मोठा भार आजही त्या मुठीवर आहे.

मुठीचे हे शहाणपण आपण नीट पाहिले पाहिजे. मूठ आपापल्या भांड्यातून येते, म्हणून भांडे जेवढे तेवढीच ती असते. घरात भात शिजलाच नाही, तर त्या दिवशी मूठही निघत नाही आणि कोणी विचारायला येत नाही. ती रोज निघते, त्यामुळे मोठ्या रकमेचा धाक नसतो. ती झाकल्या भांड्यात पडते, त्यामुळे कोणाची किती हे शेजारणीला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे ती चुलीपाशी, भूक लागलेली असताना, खाण्याच्या आधी काढली जाते. संपत्तीच्या शेवटी उरले तर देऊ, असे तिथे नाही. उद्याचा तांदूळ हातात नसताना आजच्यातली एक मूठ बाजूला काढणारी बाई देवाला काही विकत मागत नाही; आपण एकट्या नाही, आपल्याला पाहणारा कोणी आहे आणि आपल्याहूनही रिकामे भांडे कुठेतरी आहे, एवढेच ती रोज न बोलता कबूल करते. भरवसा म्हणतात तो हाच.

पण तिची मूठ जिथे जमा होते, तिथे आपण असतो. भरवशाचा अर्धा वाटा देणाऱ्याचा, अर्धा घेणाऱ्या मंडळीचा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी तिला गप्प केले नाही. सात माणसे नेमून वाटप सुधारले. आपल्याकडेही मराठी, तेलुगू, गोंडी, बंगाली असे भाषांचे थर आहेत आणि डावलले जाण्याची कुरकुर कानी येत नाही, याचा अर्थ ती नाही असा होत नाही. यरुशलेमच्या मंडळीतल्या गरिबांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा ती पोचवायला त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कारण एवढ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये अशी त्याची इच्छा होती. साक्षात पौलाला हिशोब दाखवण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्या पास्टरेट कमिटीला का वाटावा?

या बाबतीत शेजारच्या गावाकडूनही आपण शिकावे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे पासही. बांबूचा पैसा आला तसा त्याचा हिशोब ग्रामसभेत, सगळ्यांसमोर बसून, सर्वसहमतीने होऊ लागला. मजुरीतला वाटा ग्रामकोषात टाकणाऱ्याला आपला पैसा कशाला लागला हे ठाऊक असते. जंगलातल्या छोट्या गावाला जे साधते, ते देवाच्या नावाने एकत्र येणाऱ्या मंडळीला अवघड का जावे?

तेव्हा या नव्या वर्षारंभी आपण आपल्यासाठी काही कामे ठरवून घेऊ. मंडळीच्या जमाखर्चाचा कागद दर तिमाहीला भिंतीवर लागावा आणि तो वाचून, समजावून सांगितला जावा. देणाऱ्यांची नावे रकमेसह वाचून दाखवण्याची पद्धत थांबावी; लिलावाची मौज जरूर राहो, पण बोली लावू न शकणाऱ्याला तिथे अवघडल्यासारखे होणार नाही एवढे भान राहो. हंगामाच्या सणात आलेल्या धानातला ठरावीक भाग विकून न टाकता कोठीत राहावा आणि जून-जुलैत, रोवणीच्या तोंडावर कणग्या तळाला लागतात तेव्हा, ज्याच्या घरी नाही त्याच्या घरी तो मुकाट्याने पोचावा, मग तो आपल्या मंडळीतला असो वा नसो. तेलंगणात मिरचीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी निघण्याआधी व्हावी, त्यांच्या शाळकरी मुलांच्या राहण्याजेवणाची सोय मंडळीतल्या घरांनी वाटून घ्यावी. ज्याच्याकडे पैसा नाही त्याची दोन दिवसांची मजुरी, कौले चाळणे, आवार झाडणे, आजाऱ्यासोबत ब्रह्मपुरीच्या ख्रिस्तानंद रुग्णालयात रात्र काढणे हेही वेदीवरचे अर्पण मानले जावे आणि तसे उपासनेत म्हटलेही जावे. आणि खेड्यापाड्यांत सायकलवर किंवा बसने फिरणाऱ्या पाळकाचे मानधन सर्वांत शेवटी नव्हे, वेळेवर दिले जावे. इतरांना भरवसा शिकवणाऱ्याच्या घरी महिनाअखेरीस उधारीची वही उघडावी लागत असेल, तर तो दोष त्याच्या श्रद्धेचा नाही, आपला आहे.

आणि आपल्यातले जे यंदा अडचणीत आहेत, त्यांनी सणाला जरूर यावे. आणायला काही असेल तर आणावे, नसेल तर नुसते यावे; मागच्या वर्षी किती दिले होते ते कोणी मोजणार नाही. देवावर भरवसा ठेवणाऱ्याचे पीक कधी बुडत नाही, असे आपण कोणाला सांगू शकत नाही, कारण ते खरे नाही. वैनगंगेच्या पुराने विश्वासू आणि अविश्वासू अशी निवड केली नव्हती. आपण सांगू शकतो ते एवढेच, की पीक बुडाले तरी माणूस बुडू नये यासाठी देवाने आपल्याला एकमेकांच्या दारात ठेवले आहे. गेल्या वर्षी ही राखण आपण किती केली, याचे उत्तर प्रत्येक मंडळीने आगमनकाळाच्या चार आठवड्यांत स्वतःला द्यावे. ज्या घरात फक्त पायलीभर तांदूळ आहे तिथल्या बाईने त्यातली मूठ निर्धास्तपणे काढावी, एवढा विश्वास तिला आपल्याविषयी वाटला पाहिजे. तो मिळवणे हे यंदाचे आपले कर्तव्य, आणि त्याची सुरुवात येत्या रविवारी, हिशोबाची वही उघडून, करता येईल.